फोटो लहान केला की साडीवर लाटा उमटतात! पिरडाऊन, रिसाईज आणि ब्लर यांचं नक्की गणित काय?

इरकलची लेक
शुक्रवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. तांत्रिक विभागात पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या. (फंक्शनांची नावं देवनागरीतच लिहितेय, उच्चारावरून ओळखा.)

बाबांचं साड्यांचं दुकान आहे. त्याची वेबसाइट करायचं मी अंगावर घेतलंय. फोटो मोबाइलवर उभे काढते, ३००० बाय ४००० पिक्सेलचे. यादीच्या पानावर ४०० पिक्सेल रुंदीचा छोटा फोटो लागतो. दोनेकशे साड्या हाताने कोण लहान करत बसणार, म्हणून पायथॉनमध्ये ओपनसीव्हीची (चित्रांवर काम करायची तयार लायब्ररी) पाच ओळींची स्क्रिप्ट लिहिली. रिसाईजला नवी मापं दिली, बाकी काही नाही.

साध्या अंगाच्या साड्या झकास दिसतात. पण बारीक चौकड्याच्या इरकली घेतल्या की छोट्या फोटोत अंगभर लाटा. विहिरीत दगड टाकल्यावर उठतात तशा, गोल गोल. मूळ फोटोत काहीही नाही. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "ही आपल्या दुकानातली नाहीच." त्याहून कहर म्हणजे एका बाईंचा फोन आला, "ती पाण्याच्या लाटांची डिझाइन आहे ना, तीच पाठवा."

मग मी लहान केलेल्या फोटोवर गॉसियन ब्लर मारला. लाटा तशाच राहिल्या, फक्त धूसर झाल्या. नंतर कुठेतरी वाचून पिरडाऊन दोनदा चालवलं आणि लाटा जवळजवळ गायब!

पिरडाऊन पण ब्लरच करतं आणि लहानच करतं ना? मग मी वेगळं काय करत होते? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खटपट्या
शुक्रवार, रात्री ११:५२

रिसाईजमध्ये इंटरपोलेशनला (नवा पिक्सेल कसा काढायचा ती पद्धत) इंटर एरिया द्या. विषय संपला. पिरॅमिड (एकाच चित्राच्या निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या प्रती, पिरडाऊनमधलं 'पिर' तेच) वगैरे कॉलेजच्या पोरांसाठी ठेवा.

---

अर्धा पिक्सेल
शनिवार, सकाळी ७:१५

खटपट्यांचं उत्तर कामाचं आहे, पण ताईंनी 'का' विचारलंय. चहा होईपर्यंत लिहितो.

ताई, तुम्ही केलंत ते गहू दळून आणल्यावर पिठातले खडे निवडायला बसण्यासारखं आहे. लाटा लहान करतानाच तयार होतात. एकदा झाल्या की त्या चित्राचाच भाग. नंतर कितीही ब्लर मारा, ब्लरला काय कळणार की ही लाट खोटी आणि काठाची नक्षी खरी?

एकच ओळ घेऊ. एक धागा पांढरा, एक काळा, एकेका पिक्सेलचा:

२५५, ०, २५५, ०, २५५, ०...

निम्मं करायचं म्हणून एकाआड एक पिक्सेल उचलला, तर हाती येतं २५५, २५५, २५५. पांढरंशुभ्र कापड. एक घर सरकून सुरुवात केली तर सगळं काळं. खऱ्या फोटोत धागे पिक्सेलांशी इतके जुळून बसत नाहीत, कापडाला झोल असतो, कॅमेरा किंचित तिरका असतो. म्हणून एका भागात पांढरे धागे हाताला लागतात, चार बोटं पुढे काळे, मग पुन्हा पांढरे. तीच तुमची लाट. याला अलियासिंग म्हणतात, आणि कापडावर असं दिसलं की मॉयरे. गंमत म्हणजे मॉयरे हे मुळात पाण्याच्या लाटांसारखी झाक असलेल्या रेशमी कापडाचंच नाव. त्या फोन करणाऱ्या बाई अगदीच चुकल्या नव्हत्या.

आता पिरडाऊन. ते कुठलाही पिक्सेल फेकण्याआधी प्रत्येक जागी शेजाऱ्यांना विचारून घेतं. वजनं १, ४, ६, ४, १. बेरीज १६. हेच एकदा आडवं, एकदा उभं, म्हणजे ५ बाय ५ ची चौकट, एकूण वजन २५६, मधल्या घराला ३६. वरच्या ओळीवर चालवून बघा.

मधला पिक्सेल २५५ असेल तर त्याचे ६, दोन घरं पलीकडचे १ आणि १: एकूण ८/१६. मधला पिक्सेल ० असेल तर लगतच्या दोघांचे ४ आणि ४: पुन्हा ८/१६. दोन्हीकडे उत्तर १२८. आता एकाआड एक फेका, कुठूनही सुरुवात करा, राखाडीच मिळणार. लांबून बघितल्यावर डोळ्यालाही ते कापड राखाडीच दिसतं.

म्हणजे त्यातला ब्लर शोभेचा नाही. जे तपशील लहान चित्रात मावणारच नाहीत, ते आधीच काढून टाकतो तो. नाहीतर ते जाताना वेष बदलून मागे राहतात.

---

मनीमाऊ
शनिवार, सकाळी ९:०२

काय सोप्पं लिहिलंय! मला दहावीनंतर गणित आलेलं नाही, तरी कळलं.

---

शेवटचं वर्ष
शनिवार, सकाळी ९:३०

१, ४, ६, ४, १ ही तर मेरुप्रस्तारातली (म्हणजे पास्कलच्या त्रिकोणातली) पाचवी ओळ! पिंगलाच्या छंदशास्त्रावर हलायुधाने दहाव्या शतकात जी टीका लिहिली, तिच्यात हा प्रस्तार सांगितलेला आहे.

---

खटपट्या
शनिवार, सकाळी ९:३४

आता ओपनसीव्ही पण आपल्याकडेच लागलं म्हणू नका, धाग्याचं काश्मीर होईल.

---

अर्धा पिक्सेल
शनिवार, सकाळी १०:१०

ओळखलंत बरोबर. द्विपद गुणकच आहेत ते. पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेलसन यांचा १९८३ चा लॅप्लासियन पिरॅमिडवरचा निबंध या साऱ्याच्या मुळाशी आहे. त्यांनी पाच वजनांचं एक कुटुंबच दिलं होतं, मधलं वजन आपण ठरवायचं. त्यांचं आवडतं ०.४. ओपनसीव्हीचं ६/१६, म्हणजे ०.३७५. हे आकडे घेतले की पूर्णांकांत काम होतं आणि शेवटचा भागाकार २५६ ने, संगणकाला तो नुसता आठ बिट सरकवण्याइतका सोपा.

त्याच १९८३ मध्ये लान्स विल्यम्सनी संगणकीय चित्रांसाठी मिपमॅप (चित्राच्या आधीच करून ठेवलेल्या लहान लहान होत जाणाऱ्या प्रती) मांडले. गेममध्ये लांबवर पसरलेली फरशी चकाकत नाही ती त्यामुळे. मिप म्हणजे 'मल्टम इन पार्व्हो', लॅटिनमध्ये 'थोडक्या जागेत पुष्कळ'. आणि खरंच थोडकीच जागा: मूळ चित्र १, त्यावर पाव, त्यावर सोळावा हिस्सा, असं कितीही चढत गेलं तरी बेरीज १ पूर्णांक १/३ च्या पुढे जात नाही.

---

खटपट्या
शनिवार, दुपारी १२:२०

इतिहास छान. पण माझा मुद्दा तसाच आहे. इंटर एरिया पण शेजाऱ्यांची सरासरीच घेतं ना? ३००० चे ४०० करताना एका नव्या पिक्सेलखाली साडेसात बाय साडेसात, म्हणजे छप्पन्न पिक्सेल येतात, त्या सगळ्यांना तो विचारतो. ताईंनी काहीच दिलं नव्हतं म्हणून आपोआप इंटर लिनियर लागलं, आणि तो छप्पन्नातल्या चौघांनाच विचारतो. चूक तिथे आहे. पिरॅमिडची गरज नाही. शिवाय पिरडाऊन निम्म्यानेच लहान करतं. ३००० चे १५००, ७५०, ३७५. ४०० कुठून आणणार?

---

अर्धा पिक्सेल
शनिवार, दुपारी १:०५

लिनियरचं निदान एकदम बरोबर, ते मी सांगायला हवं होतं. पण सरासरी आणि सरासरीत फरक आहे. पुन्हा एक ओळ, या वेळी एक धागा पांढरा, दोन काळे:

२५५, ०, ०, २५५, ०, ०...

निम्मं करायचंय. तीन पद्धती:

नुसतं एकाआड एक उचललं: २५५, ०, ०, २५५, ०, ०. चित्र निम्मं झालं, पण नक्षी तेवढ्याच पिक्सेलांची राहिली. म्हणजे कापडावरची चौकडी दुप्पट मोठी झाली. धडधडीत खोटं, आणि किती सफाईदार!

इंटर एरिया, जोडीजोडीची सरासरी: १२८, १२८, ०. खोटी नक्षी अजून आहे, जोर निम्मा.

पिरडाऊन: ९६, ८०, ८०. फरक फक्त १६ चा, मुळात २५५ चा होता. सोळावा हिस्सा.

म्हणून बारीक विणीच्या कापडावर पिरडाऊन उजवं ठरतं. पण त्याची किंमत पण सांगतो. जे तपशील लहान चित्रात राहू शकले असते त्यांनाही ते थोडं बोथट करतं. लहान चित्रात मावेल अशी सगळ्यात बारीक रेघ घेतली तर तिचा जोर पिरडाऊननंतर एक चतुर्थांश उरतो. त्यामुळे माणसांचे, डोंगरांचे, जेवणाच्या ताटांचे फोटो असतील तर खटपट्या म्हणतात तेच करा, इंटर एरिया, चित्र जरा खणखणीत येतं.

४०० साठी: दोनदा पिरडाऊन करून ७५० वर या, तिथून ४०० ला इंटर एरिया. दोघांचं मन राखलं.

---

खटपट्या
शनिवार, दुपारी १:११

९६, ८०, ८० कागदावर करून बघितलं. बरोबर आहे. मागे घेतो. (अर्धंच.)

---

शेवटचं वर्ष
शनिवार, दुपारी ३:४५

धागा थोडा पळवतोय, माफी. आमच्या प्रकल्पात दोन फोटो जोडायचे आहेत, शिवण न दिसता, लॅप्लासियन पिरॅमिड वापरून. सफरचंद आणि संत्र्याचं ते प्रसिद्ध उदाहरण चाललं. आमचे स्वतःचे फोटो १९२० बाय १०८० चे घेतले तर चौथ्या पायरीला दोन ऍरेंचे आकार जुळत नाहीत म्हणून प्रोग्राम पडतो. आणि ज्या फोटोंवर पडत नाही त्यांच्यात कडेकडेने विचित्र पांढरे ठिपके येतात. तोंडी परीक्षा सोमवारी आहे. अर्धा पिक्सेल काका, वाचवा.

---

अर्धा पिक्सेल
शनिवार, सायंकाळी ४:३०

काका म्हणालास म्हणून वाचवतो.

पहिली भानगड. १०८० ला निम्मं करत जा: ५४०, २७०, १३५, आणि पुढे? साडेसदुसष्ट असत नाही. पिरडाऊन वरचा आकडा घेतं, ६८. आता पिरअप (पिरडाऊनचा जोडीदार, चित्र दुप्पट करणारा) केलंस की ६८ चे १३६ होणार, आणि तू ते १३५ मधून वजा करायला बघतोयस. पिरअपला तिसरी गोष्ट देता येते, हवा तो आकार. दर वेळी वरच्या पायरीचा आकार तिथे द्यायचा. एकाचा फरक तो चालवून घेतो. मात्र आकार देताना रुंदी आधी, उंची नंतर. आणि शेपमधून वाचताना उंची आधी, रुंदी नंतर. यात निम्मी दुनिया फसलेली आहे. चौरस फोटोवर तर ही चूक कळतच नाही.

दुसरी. लॅप्लासियन पायरी म्हणजे मूळ चित्र वजा त्याचंच लहान करून फुगवलेलं रूप. वजाबाकीत ऋण आकडे येणारच. तुझे फोटो आठ बिटांचे, ० ते २५५. समज १०० वजा १०३. खरं उत्तर उणे ३. नमपायची (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) साधी वजाबाकी फिरून मागून येते आणि २५३ देते. काळ्याच्या जागी जवळजवळ पांढरं. हेच तुझे ठिपके, आणि कडेला दिसतात कारण ऋण फरक कडांपाशीच जास्त. ओपनसीव्हीचं सबट्रॅक्ट वापरलंस तर ठिपके जातील, कारण ते ऋणाला ० करून टाकतं. पण मग माहितीच गेली, परत जोडताना मूळ चित्र मिळणार नाही. पोरं इथेच थांबतात, ठिपके गेले म्हणजे झालं. तसं नको. सुरुवातीलाच चित्र ३२ बिट फ्लोटमध्ये (त्यात ऋण आणि अपूर्णांक आकडेही मावतात) घे, सगळी बेरीज-वजाबाकी तिथे कर, शेवटी ० ते २५५ मध्ये कापून आठ बिटांत आण.

तोंडीला एक प्रश्न बहुधा येईल: पिरअप हे पिरडाऊनच्या उलट आहे का? नाही. पिरअप मधे मधे शून्यांच्या ओळी आणि रकाने घुसडतं आणि तोच कर्नल, म्हणजे ती वजनांची चौकट, चारपट करून फिरवतं. चारपट का? चार घरांपैकी तीन शून्य आहेत, उजेड पावपट झाला होता, तो भरून काढायला. गेलेला तपशील परत येत नाही. तो तपशील वेगळा जपून ठेवला आहे, त्याचंच नाव लॅप्लासियन पायरी.

---

वैतागवाडी
शनिवार, रात्री ८:२०

मी पण माझं दुखणं मांडतो, कुणाचा तरी आठवडा वाचेल.

रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातून गाड्या मोजायचं काम होतं. मोठं चित्र चार वेळा पिरडाऊन, लहान चित्रात गाडी शोधायची, मग तिथले आकडे १६ ने गुणून मोठ्या चित्रात चौकोन काढायचा. चौकोन अगदी बसायचा. पुढे कोणीतरी (मीच) वेग वाढवायला पिरडाऊन काढून रिसाईज टाकलं, इंटर एरिया. त्यानंतर प्रत्येक चौकोन वर आणि डावीकडे सरकलेला. सात-आठ पिक्सेल. लांबच्या गाड्यांच्या नंबरप्लेट चौकोनाबाहेर.

दोघांची मोजणी वेगळी आहे हो! पिरडाऊन ०, २, ४ क्रमांकाचे पिक्सेल ठेवतं. त्यामुळे लहान चित्रातला ५ वा पिक्सेल म्हणजे मोठ्यातला बरोबर १० वा. रिसाईज मात्र पिक्सेलला चौकोनी फरशी समजतं. दोन फरश्यांची मिळून एक झाली, तिचा मध्य दोघींच्या सांध्यावर, म्हणजे साडेदहावर. प्रत्येक पायरीला त्या पायरीच्या अर्ध्या पिक्सेलचा फरक, मोठ्या चित्रात मोजला तर अर्धा, एक, दोन, चार, आणि चार पायऱ्यांत तो साठून साडेसात.

आठवडाभर कॅमेऱ्याच्या खांबाला शिव्या घातल्या. खांब निर्दोष होता.

---

अर्धा पिक्सेल
शनिवार, रात्री ८:२६

माझं टोपणनाव कुठून आलं असेल असं वाटतं?

---

भूमापक
रविवार, सकाळी ८:००

आमच्या जीआयएसवाल्यांचं (संगणकावर नकाशे करणाऱ्यांचं) काय? उपग्रहाचं मोठं चित्र उघडलं की क्यूजीआयएसमध्ये (नकाशांचं सॉफ्टवेअर) पिरॅमिड बनवायचे, त्याशिवाय नकाशा सरकवताना जेवण करून यावं लागतं. पण जीडॅलच्या (अशा चित्रांवर काम करणारी लायब्ररी) पिरॅमिड बनवणाऱ्या कमांडला पद्धत सांगितली नाही तर ती निअरेस्ट धरते, म्हणजे नुसतं उचलून घेणं. दूरून बघताना शेतं खरखरीत दिसतात, ती म्हणून. फोटोसारख्या चित्राला ॲव्हरेज किंवा गॉस द्या.

मात्र पीकनिहाय वर्गीकरणाचा नकाशा असेल तर सरासरीला हात लावू नका. आमच्याकडे ऊस ३, वस्ती ७ असे आकडे होते. नव्या मुलाने ॲव्हरेजने पिरॅमिड बनवले. उसाच्या फडाला लागून असलेल्या प्रत्येक गावाभोवती ५ ची कड उमटली. ५ म्हणजे द्राक्षं. साहेब म्हणाले, "इतकी द्राक्षं?"

तिथे निअरेस्टच, नाहीतर मोड, म्हणजे शेजारी ज्याची संख्या जास्त तो.

---

मनीमाऊ
रविवार, सकाळी १०:४०

द्राक्षं!! चहा सांडला.

माझा एक बाळबोध प्रश्न. आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमाचे फोटो गटावर टाकायचे आहेत, मागे लहान मुलं आहेत, त्यांचे चेहरे धूसर करायचेत. पिरडाऊन मग पिरअप केलं की धूसर होतं ना?

---

अर्धा पिक्सेल
रविवार, सकाळी ११:३०

होतं, आणि मोठा ब्लर स्वस्तात मिळवायची ती जुनी युक्ती आहे. १ कोटी २० लाख पिक्सेलचा फोटो (३००० बाय ४०००) चार पायऱ्या उतरला की १८८ बाय २५० उरतो, ४७ हजार पिक्सेल. परत चार पायऱ्या चढवा. परिणाम साधारण १३ सिग्माच्या (सिग्मा म्हणजे ब्लरचा पसारा, पिक्सेलांत) गॉसियन ब्लरइतका. तोच थेट गॉसियन ब्लरने करायचा तर जवळजवळ ८० वजनांचा कर्नल आडवा आणि उभा फिरवावा लागतो. रुंदी-उंची विषम झाली तर वर सांगितलं तसं पिरअपला आकार द्या.

पण मुलांचे चेहरे लपवायला ब्लर नको. हलक्या ब्लरमधून ओळखीच्या माणसाला चेहरा कळतोच. अक्षरं आणि नंबरप्लेट तर अजून वाईट, त्यातले पर्याय मोजकेच असतात, प्रत्येक पर्याय तसाच धूसर करून जुळवून बघता येतो. २००७ मध्ये इंटरपोलने एका गुन्हेगाराचा चेहरा प्रसिद्ध केला होता. त्याने स्वतःचा चेहरा फोटोत भोवऱ्यासारखा पिळला होता, जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो पीळ उलटा सोडवला. ते ब्लर नव्हतं, पण धडा तोच. लपवायचं असेल तर सरळ एका रंगाचा ठोकळा टाका. दिसायला ओंगळ, पण खालचं खरंच जातं.

---

इरकलची लेक
रविवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. दोनदा पिरडाऊन आणि मग इंटर एरिया, दोनशेच्या दोनशे फोटोंवर चालवलं. लाटा गेल्या.

पण नवीन तक्रार. हिरव्या-काळ्या बारीक चौकड्याची एक साडी आहे, आणि एक जरीच्या बुट्ट्यांची. दोन्ही छोट्या फोटोत काळवंडल्यात. मोठा फोटो लांब धरून बघितला तर साडी उजळ दिसते, छोटा बघितला तर मळकट. बाबा म्हणतात, धुऊन आणल्यासारखी दिसतेय. ही नजरेची चूक की माझी?

---

अर्धा पिक्सेल
रविवार, रात्री १०:२५

तुमची नाही, माझी. मी पहिल्याच दिवशी काळा-पांढरा धागा मिळून १२८ लिहिलं आणि "डोळ्यालाही राखाडीच दिसतं" म्हणून पुढे गेलो. राखाडी दिसतं, पण १२८ चं नाही.

फोटोतले आकडे उजेडाच्या सरळ प्रमाणात नसतात. अंधाऱ्या छटांना जास्त आकडे मिळावेत म्हणून ते वाकवलेले असतात, गॅमा म्हणतात त्याला. निम्मा उजेड म्हणजे १२८ नव्हे, साधारण १८८. तुमच्या साडीत उजळ आणि गडद धागे शेजारी शेजारी आहेत. लांबून डोळा त्यांच्या उजेडाची सरासरी करतो, आपण आकड्यांची केली. म्हणून काळवंडली. जरीचं तसंच, चमकणारे ठिपके गडद रेशमात मिसळताना मार खातात. साध्या रंगाच्या साडीत शेजारी सारखेच, म्हणून तिथे काही फरक पडला नाही.

उपाय: चित्र फ्लोटमध्ये घ्या, २५५ ने भागा, २.२ चा घात करा, मग पिरडाऊन आणि रिसाईज, मग १/२.२ चा घात, २५५ ने गुणा. काटेकोर सूत्र थोडं वेगळं आहे, साड्यांना हे पुरेल. आठ बिटांत मात्र करू नका, गडद रंगांच्या पायऱ्या पडतील, चंद्रकळा तर गेलीच समजा.

आणि हे खटपट्यांच्या इंटर एरियालाही लागू आहे, त्यांनी हुरळून जाऊ नये.

---

खटपट्या
रविवार, रात्री १०:३१

मी काही बोललोच नाही.

---

शेवटचं वर्ष
सोमवार, दुपारी २:१५

परीक्षा झाली. पिरअप उलट आहे का, हेच विचारलं!! चारपट का ते सांगितल्यावर बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान वर करून बघितलं. मग त्यांनी विचारलं, फोटोच्या कडेला पाच शेजारी नसतात तेव्हा काय? तिथे दांडी गुल.

---

अर्धा पिक्सेल
सोमवार, दुपारी २:४०

आरशासारखं. कडेचा पिक्सेल स्वतः न मोजता आतले उलट क्रमाने बाहेर मांडलेत असं धरतं. बाहेर शून्य धरलं असतं तर प्रत्येक पायरीला चित्राभोवती काळी चौकट चढली असती. अभिनंदन रे.

---

इरकलची लेक
बुधवार, रात्री १०:०५

शेवटचं कळवायचं राहिलं होतं. गॅमाचं करून बघितलं. हिरवी साडी आता हिरवी आहे. जर अजून थोडी मंद वाटते, पण मळकट नाही.

बाबांना दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "रंग बरोबर. पण चौकडी कुठाय?"

आणि खरंच नाहीये. बोटांनी मोजलं. अख्ख्या फोटोत साडीच्या रुंदीत चौकड्याची साडेतीनशेच्या आसपास घरं, आणि छोट्या फोटोची रुंदी ४००. एका घराला जेमतेम एक पिक्सेल. ती दिसणारच कशी? आधी दिसत होती ती लाट होती.

तेव्हा आता प्रत्येक चौकड्याच्या साडीला दोन फोटो. एक लहान केलेला, आणि शेजारी पदराजवळचा ४०० बाय ४०० चा तुकडा, मूळ फोटोतून कापलेला, काहीही लहान न करता. त्यात सुताची गाठसुद्धा दिसते. बाबांनी सहा तुकड्यांतल्या दोन गाठी बघून त्या साड्या बाजूला काढायला लावल्या.

लाटांची साडी मागणाऱ्या बाईंना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, असू दे, हिरवी द्या.

---

मनीमाऊ
बुधवार, रात्री १०:१८

दुकानाचा पत्ता व्यनि करा ना. आईला कधीपासून इरकल हवी आहे, आणि गाठ असली तरी चालेल, कमी दरात द्या.